नाममुद्रा कापलेलं गाणं : 'पारंपरिक' या शब्दाने अडवलेल्या रॉयल्टीची हकीकत

पार्श्वभूमी

उरण-पनवेल पट्ट्यात हळदीच्या रात्री एक गाणं हमखास वाजतं. बेंजो पार्टीवाले ते शेवटाकडे राखून ठेवतात, कारण ते सुरू झालं की बसलेल्या बायकाही पदर खोचून उठतात. गाणं कुठलं ते इथे सांगत नाही. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. मी या प्रकरणात कुटुंबाच्या बाजूने कागदपत्रं बघत होतो, त्यामुळे हकीकत त्याच बाजूने सांगितलेली आहे हे आधीच कबूल करतो.

गाणं लिहिलं ते मास्तरांनी. शाळेतले मास्तर नव्हेत, गावच्या गायन पार्टीचे. दिवसा मिठागरावर मुकादमी आणि रात्री पेटी. १९९१ साली मुंबईतल्या एका छोट्या कॅसेट कंपनीने त्यांची आठ गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली. आठ गाण्यांचं मिळून मानधन १,५०० रुपये. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचं नाव ठळक, त्याखाली 'संगीत संयोजन' म्हणून बेंजोवाल्या काकांचं, आणि गीतकाराच्या जागी एकच शब्द : पारंपरिक.

त्या काळी हे सर्रास चालायचं. 'पारंपरिक' छापलं की पुढे कोणी मागायला येत नाही, हा कंपनीचा हिशेब. पण मास्तरांनाही त्याचं फार वाईट वाटलं नव्हतं. आपलं गाणं लोकांनी आपलं म्हणून उचललं, यातच त्यांना मोठेपणा वाटायचा. लग्नात कोणी म्हणालं की हे आमच्या आजीच्या वेळचं गाणं, तर ते हसून मान डोलवायचे. घरच्यांनी मला ही आठवण कौतुकाने सांगितली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारण हीच आठवण समोरच्या वकिलाच्या हाती पडली असती, तर आमच्याविरुद्ध चांगला पुरावा झाली असती.

मास्तर २००८ साली गेले. मागे बायको, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी. कॅसेट कंपनी त्याआधीच बंद पडली होती, आणि तिचा सगळा माल एका मोठ्या संगीत कंपनीने एकगठ्ठा विकत घेतला होता. २०१४ मध्ये जुनं रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढलं. २०१९ मध्ये पंचक्रोशीतल्याच एका डीजे पोराने त्याचं रीमिक्स केलं, मध्ये स्वतःच्या चार ओळींचा रॅप घातला, आणि गाणं रील्सवर सुटलं.

अडचण कुठे होती

ऑक्टोबर २०२१ मध्ये मास्तरांच्या नातवाने एका ॲपवर गाण्याची श्रेयनामावली उघडून पाहिली. जुन्या रेकॉर्डिंगला गीतकार 'पारंपरिक', आणि रीमिक्सला गीतकार म्हणून त्या डीजेचं नाव. नातू जेएनपीटी बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. कंटेनरवर नंबर चुकीचा पडला तर माल भलत्याच बंदरात जातो, हे तो रोज बघतो. तो माझ्याकडे आला तेव्हा पैशांचं काही बोललाच नाही. "काका, लेबल चुकलंय," एवढंच म्हणाला.

लेबलं दोन चुकली होती, आणि दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी. एकाने लेखक पुसला होता, दुसऱ्याने आपलं नाव घातलं होतं. डीजे आमच्या आधी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा सभासद झाला होता आणि त्याने शब्द आणि चाल दोन्ही स्वतःच्या नावावर नोंदवले होते. त्याच्याशी पुढे ओळख झाली. पोरगा लबाड नव्हता. त्याने कंपनीच्या चॅनेलवर 'पारंपरिक' वाचलं आणि समजला, मालक नसलेली जमीन आहे, कसणाऱ्याच्या नावावर लावून घेऊ.

कायदा, इथे लागला तेवढाच

या घराला कागद नवे नव्हते. सिडकोने जमिनी घेतल्या, त्याबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची, त्याची फाईल ट्रंकेत आहे. म्हणून मी त्यांना सातबाऱ्याच्याच भाषेत सांगितलं. एका गाण्याला चार सातबारे असतात : शब्दांचा, चालीचा, रेकॉर्डिंगचा आणि गायकाच्या हक्काचा. संगीत कंपनीकडे तिसरा सातबारा पक्का होता. प्रश्न पहिल्याचा होता.

शब्द आणि चाल यांचा पैसा गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). १९६९ मध्ये स्थापन झालेली, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये कॉपीराइट कायद्याच्या कलम ३३ खाली नव्याने नोंदलेली. एकटा गीतकार प्रत्येक हॉटेल, रेडिओ केंद्र, वाहिनी आणि ॲपच्या दारात जाऊन पैसे मागू शकत नाही. म्हणून हजारो गीतकार-संगीतकार आपले हक्क एका संस्थेच्या हाती देतात, संस्था सगळ्या गाण्यांचा मिळून परवाना देते, आणि कुठलं गाणं किती वाजलं याच्या नोंदींवरून पैसे वाटते. तुमचं नाव नोंदीत नसेल, किंवा एकाच गाण्यावर दोन नावं भांडत असतील, तर वाटप अडतं. गाणं वाजतच राहतं.

सिनेमाच्या गाण्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निकाल दिला होता की, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन गाणं करून घेणारा निर्माता हाच पहिला मालक. तो निकाल इतका रुजला की कॅसेट कंपन्याही स्वतःला निर्मातेच समजू लागल्या. पण कलम १७ मधली ती तरतूद चित्रपटाची आहे, नुसत्या ध्वनिमुद्रणाची नाही. मास्तर कंपनीचे नोकरही नव्हते. त्यामुळे शब्दांचे मालक मास्तरच, आणि ती मालकी द्यायची तर कलम १९ प्रमाणे सही केलेला लेखी करार हवा.

करार होता का? ट्रंकेत सापडली ती फिकट गुलाबी पावती : 'आठ गाण्यांचे मानधन रु. १,५०० फक्त रोख मिळाले', खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर आडवी सही. मानधन मिळाल्याची पावती आणि हक्क दिल्याचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीकडे दुसरा कागद निघाला असता तर मात्र पंचाईत होती. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरायची, ही लेखकाच्या फायद्याची तरतूद १० मे १९९५ पासूनची, आणि ती त्याआधीच्या करारांना लागत नाही. आमचं साल १९९१.

२०१२ च्या दुरुस्तीने अजून दोन गोष्टी दिल्या. एक, चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातल्या शब्द आणि चालीचा हक्क दिला तरी रॉयल्टीतला निम्मा वाटा लेखक-संगीतकाराला सोडून देता येत नाही. देताच आला तर फक्त वारसांना किंवा संस्थेला. दुसरी गोष्ट क्वचितच कोणी बोलतं. लेखकाच्या मागे 'हे त्याने लिहिलं' असं म्हणण्याचा हक्क आधी वारसांना नव्हता. कलम ५७ मधले ते अपवादाचे शब्द २०१२ मध्ये काढले गेले. म्हणजे मास्तर गेले त्या वर्षी हा दावा घरच्यांना करताच आला नसता.

मुदतीचा हिशेब सोपा. शब्दांचा हक्क २०६८ च्या अखेरपर्यंत, रेकॉर्डिंगचा २०५१ च्या अखेरपर्यंत. कंपनीचं पीक आधी संपणार, हे ऐकून धाकटा मुलगा खूश झाला. त्याला म्हटलं, तोवर तू ऐंशीचा असशील.

समोर होते ते रस्ते

पहिला रस्ता कोर्टाचा. कलम ६२ प्रमाणे हक्कदार राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे मुंबईला खेपा न घालता काम झालं असतं. पण तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि दावा उभा राहिल्यावर किती वर्षं हे कोणी सांगू नये. आई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तेव्हा शहात्तर वर्षांच्या.

दुसरा रस्ता यूट्यूबवर तक्रार ठोकून व्हिडिओ खाली आणायचा. नातवाला हाच हवा होता. मी अडवलं, आणि त्या सल्ल्याला आजही चिकटून आहे. गाणं खाली आलं की कमाईही थांबते, आणि हळदीचं गाणं बंद पाडणारं घर म्हणून गावात नाव होतं ते वेगळंच.

तिसरा, वारस म्हणून संस्थेचं सभासदत्व घेऊन गाणं नोंदवायचं, आणि वाद झाला तर कागदावर मिटवायचा. चौथा म्हणजे कंपनीकडे जाऊन एकरकमी काहीतरी घ्यायचं आणि विषय संपवायचा. थोरला मुलगा सुरुवातीपासून चौथ्याकडे झुकत होता. का, ते मला नंतर कळलं.

आम्ही तिसरा धरला.

पहिलं पाऊल आणि माझी चूक

वारसांची कागदपत्रं जमवण्यात २०२२ चा अर्धा भाग गेला. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, प्रतिज्ञापत्रं, बँकेचा रद्द केलेला चेक. मास्तरांचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांनी लिहिलेलं. कुठे आडनाव, कुठे आडनावाऐवजी गावाचं नाव, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. 'ही एकच व्यक्ती' असं सांगणारं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ज्यांच्या घरी कलाकार हयात आहे त्यांनी निदान हे एक काम या रविवारी उरकून टाकावं.

मग गाणं नोंदवताना मी चूक केली. शब्द शंभर टक्के मास्तरांचे, स्वतंत्र रचना, असं भरलं. घरच्यांनी सांगितलं, मी मानलं. चालीवरही दावा करू या असा नातवाचा आग्रह होता. तो तेवढा मी हाणून पाडला, कारण कव्हरवर काकांचं नाव स्वच्छ दिसत होतं.

सप्टेंबरमध्ये कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. सोबत एका जुन्या लोकगीत संग्रहातल्या पानाची झेरॉक्स. त्यात एक धवला छापलेला, आणि त्याची पहिली ओळ म्हणजे जशीच्या तशी आमच्या गाण्याचं ध्रुवपद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. मांडवात देवादिकांना बोलावणं करणारे धवले ती पाठ म्हणते, आणि लग्नाचे विधी तिच्या तोंडून चालतात. मास्तरांनी ध्रुवपद तिथून उचललं होतं. उचललं यात काही वावगं नाही, पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. वावगं होतं ते मी 'शंभर टक्के स्वतंत्र' लिहिणं. एका ओळीमुळे आमचा सगळा अर्ज खोटा दिसू लागला, आणि नोंद वादात अडकली.

त्याच पाकिटात दुसरा कागद होता : २०१६ चं 'ना-हरकत पत्र'. १० हजार रुपये घेऊन थोरल्याने कंपनीला लिहून दिलं होतं की वडिलांच्या गाण्यांवर कुटुंबाचा कसलाही दावा नाही. ते पत्र मी आईंच्या घरी मोठ्याने वाचलं. थोरला चहाचा कप हातात घेऊन बसला होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आई म्हणाल्या, "मिठागर सुटलं त्या साली त्याच्याकडे पैसं नव्हतं." विषय त्यांनी तिथेच बंद केला.

कायद्याच्या नजरेने ते पत्र कंपनीला वाटत होतं तेवढं भक्कम नव्हतं. वारस चार, बायको आणि तीन मुलं, सगळ्यांचे हिस्से सारखे. थोरला फार तर आपल्या चौथ्या हिश्शापुरतं बोलू शकत होता. रॉयल्टीतला निम्मा वाटा तर मास्तरांनाही सोडून देता आला नसता. तरी कागद तो कागदच. पुढच्या प्रत्येक बोलण्यात तो टेबलावर आलाच.

पुस्तिका

इथे ताई आली, म्हणजे दिलेली मुलगी. तोवर तिला कोणी धड विचारलंच नव्हतं. भावांनी परस्पर ठरवलं होतं की ताईकडून हक्कसोड पत्र घेऊ, म्हणजे कागद कमी होतील. जमिनीत करतात तसंच. मीही मसुदा तयार करून ठेवला होता, हे सांगायला आज लाज वाटते. ताईने मसुदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "जमिनीचं सोरलं. गानं नाय सोरनार. माझ्या हळदीला बाबाने गायलेलं." वर हेही म्हणाली : "पयली ओळ आजीची हाय. ती बाबाची नाय. बाकीचं सगलं बाबाचं."

जे वकिलाच्या झेरॉक्सने आम्हाला हाणून शिकवलं, ते ही बाई पहिल्या दिवसापासून सांगू शकली असती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने सासरच्या कपाटातून एक पुस्तिका आणून दिली. सोळा पानं, पिवळा पडलेला कागद, मधोमध गंजलेली एकच पिन. १९८८ साली गावाजवळच्या छापखान्यात छापलेली, किंमत २ रुपये. मास्तर ती जत्रेत विकायचे. मुखपृष्ठावर त्यांचं पूर्ण नाव. सातव्या पानावर आमचं गाणं : ध्रुवपद आणि पाच कडवी.

कॅसेटवर कडवी चारच आहेत. पाचव्या कडव्यात, शाहिरांच्या रिवाजाप्रमाणे, मास्तरांनी आपलं आणि गावाचं नाव गुंफलं होतं. त्यांची नाममुद्रा. बेंजोवाल्या काकांच्या सुनेने नंतर सांगितलं की एका बाजूला चार गाणी बसवायची होती, वेळ पुरत नव्हता, म्हणून स्टुडिओत प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं छाटलं गेलं. लेखकाचं नाव कव्हरवर नव्हतंच, ते गाण्याच्या आतूनही निघालं. आणि डीजेने आपला रॅप नेमका चौथ्या कडव्यानंतर घातला होता.

कायद्याच्या दृष्टीने पुस्तिकेचं वजन मोठं. प्रकाशित प्रतीवर लेखक म्हणून ज्याचं नाव छापलेलं असेल, तोच लेखक असं कलम ५५ प्रमाणे गृहीत धरलं जातं, आणि उलटं सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर जातो. पुस्तिका कॅसेटच्या तीन वर्षं आधीची. चारही कडवी तंतोतंत जुळत होती. एका ठिकाणी फक्त 'बंदर'चं गायकाने 'मंदिर' केलं होतं.

बोलणी

आता निर्णयाची खरी जागा आली. लेखी करार नाही, पुस्तिका आहे. शब्दांची सगळी मालकी आपली, प्रकाशक म्हणून कंपनीकडे जाणारा निम्मा हिस्साही आपला, असं म्हणून पुढे जायचं का? कायद्याने म्हणता आलं असतं. माझ्या ओळखीच्या वकीलबाईंचं मत तेच होतं. मी दोन रात्री घोळवत होतो. कंपनी मोठी, तिला कोर्टाची घाई नाही. शिवाय २०१६ चं पत्र, आणि लोकगीत संग्रहामुळे एकदा गेलेली आमची पत. दुसरीकडे, तडजोड केली तर १,५०० रुपयांच्या पावतीवर कंपनीला २०६८ पर्यंत निम्मा हिस्सा बसल्याजागी मिळणार होता.

घरच्यांना दोन्ही बाजू मांडून सांगितल्या. आईंनी एकच विचारलं, "नाव कशात लवकर लागेल?" उत्तर उघड होतं.

त्याच सुमारास, एप्रिल २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एफएम वाहिन्यांच्या प्रकरणात आदेश दिला की रेडिओवर रेकॉर्डिंग वाजवलं तरी त्यातल्या शब्दांच्या आणि चालीच्या लेखकांना रॉयल्टी द्यावीच लागेल. आमच्या गाण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण समोरच्या टेबलावरचा सूर बदलला. 'जुनी कॅसेट, त्यात काय' ही भाषा बंद झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टॅम्प पेपरवर तडजोड झाली. शब्दांचा हिस्सा मास्तरांच्या चार वारसांचा, चालीचा काकांचा. जुन्या रेकॉर्डिंगपुरता प्रकाशकाचा निम्मा हिस्सा कंपनीचा. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर कुटुंबाची वेगळी लेखी परवानगी. श्रेय सगळीकडे एकसारखं : 'गीत : मास्तरांचं नाव, ध्रुवपद पारंपरिक धवल्यावरून'. डीजेने शब्दांवरचा दावा सोडला. रीमिक्स वेगळी आवृत्ती म्हणून नोंदलं, त्यात त्याच्या चार ओळींपुरता त्याचा वाटा राहिला. सही करताना त्याने मास्तरांचं पाचवं कडवं मागून घेतलं.

धवलारणीचं काय, हा प्रश्न ताईनेच काढला. लोकपरंपरेतल्या ओळीला आपल्या कॉपीराइट कायद्यात मालक नाही, त्यामुळे कोणाला पैसे द्यायचे हा प्रश्न कायद्यापुरता उद्भवत नाही. श्रेयातले ते तीन शब्द एवढंच तिच्या वाट्याला आलं. हे मला पुरेसं वाटत नाही, पण याहून चांगली वाट मला दिसली नाही.

पैसे

२०२४ मध्ये पहिली रक्कम खात्यावर आली. पाच आकडी, पण त्यातला पहिला आकडा एक. धाकटा म्हणाला, "करोडो व्ह्यूज आणि एवढेच?"

नाराजी समजण्यासारखी होती, म्हणून बसून समजावलं. व्ह्यूज बरेचसे रीमिक्सचे, आणि लोकांनी लग्नात मोबाईलवर घेतलेल्या रील्सचे, ज्यांत कुठलं गाणं आहे ही ओळखच पटलेली नसते. ॲपवरच्या प्रत्येक ऐकण्याचे पैसे मिळतात, पण ते पैशांच्याही अंशात. बेंजो पार्टी कुठली गाणी वाजवली याची यादी कोणाला देत नाही. आणि हे गाणं जिथे सगळ्यात जास्त वाजतं ती जागा म्हणजे लग्न. कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना परवान्यातून सूट आहे. ती सूट किती दूर जाते यावर देशभर भांडण चालू आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने लग्नात पैसे मागू नका अशी सूचना काढली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने तसंच परिपत्रक काढलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं, कारण कायद्यात आहे त्याच्या पुढे जाऊन परिपत्रकाने सूट वाढवता येत नाही. रिसॉर्टमधली लग्नं हा त्यातला मोठ्या पैशाचा भाग. आमच्या पट्ट्यातल्या अंगणातल्या हळदीतून काही येणार नाही, आणि यावं असं मलाही वाटत नाही.

रकमेचे चार सारखे भाग झाले. थोरल्याने आपला पहिला भाग घेतला नाही. २०१६ च्या १० हजारांचं काय, असं कोणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःच ते फेडून घ्यायला सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी बेंजोवाल्या काकांकडे गेलो असतो. स्टुडिओत त्या दिवशी हजर असलेले, शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे डोळ्यांनी पाहिलेले ते एकमेव हयात साक्षीदार. आम्ही वारस दाखल्याच्या मागे पळत राहिलो, आणि मे २०२२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली. नंतर प्रतिज्ञापत्र करायला गेलो तेव्हा ते सगळं समजून मान हलवत होते, पण नोटरी अंगठा घ्यायला तयार होईना, आणि त्याचं चूक होतं असंही म्हणवत नाही. मोबाईलवर अर्ध्या तासाचं बोलणं टिपून घेतलं असतं, तर पुस्तिका सापडेपर्यंत आमच्या हाती काहीतरी राहिलं असतं. त्यांचं सभासदत्व त्यांच्या सुनेने भरलं. चालीचे पैसे त्यांच्या औषधांना जातात.

दुसरं म्हणजे ओळ-ओळ वेगळी करून बसलो असतो. कुठली जुनी, कुठली मास्तरांची, कुठली गायकाने जागेवर फिरवलेली. 'पारंपरिक' या शब्दाविरुद्ध 'शंभर टक्के आमचं' असं ओरडलो आणि जवळजवळ वर्ष घालवलं. लोकगीताच्या अंगाने लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या गाण्यात उसनी ओळ असतेच. ती आपण आधी दाखवली असती, तर झेरॉक्सवाल्या वकिलाकडे दाखवायला काही उरलं नसतं.

हक्कसोडाचा मसुदा केला नसता. घरातल्या बायकांना आधी विचारलं असतं, कारण हळदीची गाणी बायकांच्या तोंडी असतात. मी मात्र दोन महिने पुरुषांच्याच बैठकीत माहिती गोळा करत बसलो.

निम्मा हिस्सा सोडला त्याबद्दल माझं मन अजून एका बाजूला टेकलेलं नाही. वकीलबाई भेटल्या की आजही टोमणा मारतात. आई २०२५ च्या उन्हाळ्यात गेल्या. त्याआधी नातवाने त्यांना फोनवर गाणं लावून खालचं नाव वाचून दाखवलं होतं, ते मी पाहिलं आहे. कोर्टात गेलो असतो तर ते झालं नसतं, एवढं खात्रीने सांगता येतं.

सध्या

आईंच्या हिश्शासाठी पुन्हा वारसांचे कागद चालू आहेत. कॅसेटवरच्या उरलेल्या सात गाण्यांपैकी तीन त्या पुस्तिकेत आहेत आणि त्यांची नोंद झाली. चारांना छापील आधार नाही. मास्तरांनी १९८९ च्या जत्रेत दुसरी पुस्तिका विकली होती असं ताईला आठवतं, हिरव्या मुखपृष्ठाची. थोरला दर रविवारी मोटारसायकल काढून जुन्या गायन पार्ट्यांच्या घरी चौकशी करतो. गेल्या महिन्यात एका घरी हिरवी पुस्तिका निघाली, पण ती दुसऱ्याच शाहिराची होती. त्याने ती जपून ठेवली आहे आणि त्या शाहिराच्या घरच्यांचा पत्ता शोधतो आहे.